मशरूममधली व्हर्मूथ

भिवंडी

प्रिय बकुळा,

जयभीम. माझी तब्येत बरी आहे, राकेशची ड्युटीही सुरळीत आहे. मनमाडच्या थंडीत तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

पौर्णिमेला वंदनेनंतर विहारातल्या बायका आमच्याकडे जेवल्या. आमच्या नव्या सूनबाईंनी, राकेशच्या मेघालीने, मशरूम केले होते. मी दोनदा घेतले आणि सगळ्यांना आग्रहाने वाढले. त्या गेल्यावर ओटा आवरताना बाटली हाती लागली. व्हर्मूथ! म्हणजे मसाल्याची कडक वाईन. सकाळीच आम्ही मद्य न घेण्याचं पाचवं शील म्हटलं होतं. कॉन्व्हेंटात शिकून, जन्मभर इंग्रजी शिकवून, मला स्वतःच्या ओट्यावरचं लेबल वेळेत दिसलं नाही.

"आई, शिजवताना दारू उडून जाते."

"उडूनच जायची तर घातलीस कशाला?"

"चवीला. हॉटेलात आम्ही असंच करायचो."

तेवढ्यात नुकत्याच जेवून गेलेल्या, विहारातल्या धम्मदिनाताईंचा फोन. "सूनबाईंच्या हाताला काय चव आहे हो! काय घातलं होतं?"

मेघाली समोर रडवेली उभी. या घरात तिचं कौतुक पहिल्यांदाच होत होतं.

"काळी मिरी," मी म्हणाले. "दुसरं काही नाही."

पाचवं शील नकळत मोडलं गं. खोटं न बोलण्याचं चौथं मात्र पूर्ण शुद्धीत मोडलं. फार थकले आहे. उद्या ताईंकडे जाऊन खरं सांगणार आहे. मेघालीही येते म्हणाली.

"पण आई, बोलेन मी. तुम्ही नुसत्या शेजारी बसा."

तुझी,
हेमाताई