सुबाभळीवरची पाहुणी

१४ सप्टेंबर १९८८
साहेबांचं फर्मान — सुबाभळीवर परदेशी कीड आलीय, जिल्हा पिंजून काढा! पिवळी, तिळाएवढी, हात लावला की टुणकन उडते. कोवळे शेंडे शोषून वाळवते. आपल्या जिल्ह्यात अजून कुठेच दिसलेली नाही. म्हणून पुण्याहून मुद्दाम एक फांदी मागवली — जिवंत किडीसकट, पाण्याच्या बाटलीत! "मेलेली दाखवून लोकांना कळत नाही. हीच गावोगाव दाखवा आणि विचारा," साहेब म्हणाले. शोधलीत तर कायम करतो, असंही म्हणाले. मी जन्माचा हंगामी! बायकोने लगेच शिरा केला.

१७ सप्टेंबर
नांदगाव. गणपतीच्या मांडवातच फांदी फिरवली. पोरं हात लावतात, किडे टणाटण उडतात, सगळे खूश! झाडं तपासली — एकही कीड नाही. फुकट फेरा.

२० सप्टेंबर
पेठ. कुसाबाईच्या बांधावर सुबाभूळ काय माजलीय! त्या पाल्यावरच तिच्या शेळ्या जगतात. तिच्या झाडाला फांदी टेकवून दाखवलं, "हे असं दिसतं बघा." बाई निरखून म्हणाली, "आमच्यात नाय बा असलं." मग शेळीच्या दुधाचा चहा पाजला. गुमान प्यालो.

२१ सप्टेंबर
पाय मोडले. कीड नाही ती नाहीच. कसलं कायम न् कसलं काय!

७ ऑक्टोबर
सापडली!! नांदगावला, मांडवामागच्या झाडांवर! साहेबांनी पाठ थोपटली. "नजर आहे हो तुमची, खैरनार!" आहेच मुळी. बाकीच्यांना तालुके पालथे घालून एक किडा सापडत नाही. सापडेल कसा? फांदी एकच, आणि ती माझ्याकडे!

१२ ऑक्टोबर
पेठलाही! मी जातो तिथे कीड हजर. ऑफिसात सगळे जळतायत मेले.
कुसाबाईचे शेंडे मात्र पार करपलेत. म्हणाली, "भाऊ, तुमी येऊन गेले न् मंग हे आलं. शेळ्यांना आता काय घालू?" मी म्हटलं, बाई, शास्त्रात असं बोलत नसतात. या वेळी चहा नाही.

१४ ऑक्टोबर
घोटी. मागच्या फेरीत जीप बंद पडली, म्हणून इकडे आलोच नव्हतो. सगळी झाडं हिरवीगार. एका शेंड्याला डाग नाही!
खरं बोलत होती बाई. मीच वाटत हिंडलो, प्रसाद वाटावा तशी! लाज वाटते. तिच्या शेळ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. उद्या साहेबांना सगळं सांगणार. नोकरी गेली तर गेली, खड्ड्यात!

१५ ऑक्टोबर
सांगितलं. साहेबांनी आधी दार लावलं, मग शांतपणे सगळं ऐकलं. खणातून माझी कायमची ऑर्डर काढली. म्हणाले, "धुळे जिल्ह्यात अजून कुणाला सापडली नाही म्हणतात. सोमवारपासून तुम्ही जा."
मी सही केली.