यूनुसला वाळूत पुरलं

ती. आईस, साईराज पाया पडतो.

मी बरा हाय. जेवण मिळतं, आमटी तेवढी गोड असते. फोनवर बोलवत नाय म्हणून लिहितो.

इथे कामावर काँक्रीटच्या मिक्सरला आपल्या यूनुसला शॉक बसला. मीच ओरडलो, "वाळूत पुरा त्याला!" बाबांना पंपाचा शॉक बसला तेव्हा आपण तेच केलं नि ते वाचले ना. यूनुस गेला.

डॉक्टर म्हणाले, करंटने काळीज ठोके सोडून नुसतं थरथरतं, लगेच छाती दाबत राहायची. बाबांचं काळीज तेव्हा चालूच होतं, वाळूने काय नाय केलं.

बाबा अजून ओल्या पायांनी पंप लावतात काय?

पेणला यूनुसच्या आईकडे, अनीसाचाचीकडे जाऊन ये. वाळूचं सांग. नाय, नको सांगूस. मीच येऊन सांगतो.

तुझा,
साईराज