लांबलेला हंगाम

आप्पा, तुम्ही गेल्यावर मी फुटबॉलचा संघ विकत घेतला. तुम्ही असता तर म्हणाला असता, माग चालवायचे सोडून माणसं पळवतोस व्हय रं. वडगावात माझे माग आहेत, लोक अण्णा म्हणतात, आणि नुसत्या खडखडाटावरून कुठल्या मागाचा धोटा अडतोय ते मला अजून कळतं. कान तेवढे बापाचे, तुमचेच.

आमची लीग दोनच महिन्यांची, पगारही तेवढाच. माझा गोलकीपर शहापुरातल्या विणकराचा, तिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप. एरवी तो खेडोपाडीच्या स्पर्धांत सामन्याच्या बोलीवर खेळतो, खडकाळ मैदानावर अंग टाकतो. मी त्याला माग देऊन बघितला. स्पर्धेचं बोलावणं आलं की गडी गायब, आणि मागावर ताणा, सगळं उभं सूत, तसाच ताणलेला, तुटायला आलेला. मला ती अमावस्या आठवली. अमावस्येची सुट्टी म्हणून माग बंद, मी अनगोळच्या मैदानात खेळतोय, आणि तुम्ही थेट मैदानात शिरून सगळ्यांदेखत म्हणताय, "चल, ताणा सैल सोड आधी. सूत काय तुझा नोकर न्हाय." मी त्याला तसंच बोलायला गेलो. तो उठून उभा राहिला तेव्हा त्याचा गुडघा वाजला. मी जाऊन स्वतःच ताणा सैल सोडला.

हंगाम आठ महिन्यांचा करावा का, यावर संघमालकांची बैठक झाली. एक जण म्हणाला, वर्षातून एकदाची जत्रा म्हणून लोक येतात, रोज जत्रा भरवली तर कोण येणार. ते खोटं नव्हतं. हंगामाच्या शेवटी शेवटी मैदानातला आवाज किती पातळ होतो ते मीही ऐकलंय. तरी मी भांडलो. दोन महिन्यांच्या पगारावर माणूस खेळाडूही होत नाही आणि विणकरही राहत नाही, म्हणालो. चहा पाजून, हसवून, एकेकाला वळवलं. ठराव झाला. कळल्यावर गोलकीपर माझ्याकडे आला आणि एवढंच म्हणाला, "अण्णा, आता पोरींच्या शाळेत बाप काय करतो म्हणून विचारलं तर सांगता येतंय."

एवढा लांब हंगाम, म्हणून विमावाल्यांनी सगळ्यांची तपासणी मागितली. काल डॉक्टरांनी मला बोलावलं. "गोलकीपरचा गुडघा दोन महिने रेटला असता," म्हणाले, "आठ महिने टिकायचा नाही. मी सही करणार नाही." ज्याच्यासाठी भांडलो त्यालाच मी घरी बसवलं, आप्पा. जुनाच हंगाम राहिला असता तर लंगडत का होईना, खेळला असता. आणि मग पुढच्या वर्षी काय, तेही मला सुचत नाही. दोन्हीकडून विचार करून बघितला, कुठंच वाट न्हाय.

त्याला अजून माहीत नाही. आज सकाळी थोरल्या मुलीच्या हाती त्यानं पेढे पाठवले. मी घेतले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि संध्याकाळी येतो म्हणून बापाला सांग म्हणालो. आता संध्याकाळ झालीय. तिकडं जायला पाय उचलत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलोय.