चिंधी बांधलेला भोपळा

रविवार, डिसेंबर १९७२. राहुरी

काशीमावशीच्या मळ्यात आम्ही एका खोलीतले सहा कामगार दर रविवारी राबतो, बदल्यात आठवड्याला हंगामाची भाजी मिळते. आज एक भोपळाच आला. देठाला लाल चिंधी. ती फेकून मी तो चिरलासुद्धा. मग आठवलं, गावाकडं आई बियाण्यासाठी राखलेल्या भोपळ्याला चिंधी बांधते. असा कसा विसरलो? घर सुटलं तसं सगळंच सुटत चाललंय.

पळत गेलो. "मावशी, चुकून आला काय?"

"न्हाई रं. हीर आटली. बी लावू कुठं? तुमी राबलाय, वाटा द्याया नगं?"

खोलीवर परतलो तर बाकीचे जेवत होते. "लई गोड हाय, बस की!" मी बसलो नाही. बिया धुवून वाळत घातल्यात. कशाला, कुणास ठाऊक. चिंधी चुलीपाशीच पडलीय. उचलवत नाही.