विडीपुरती सुट्टी

आबा, मी आता वयानं तुमच्याहून मोठा झालोय. तुम्ही गेलात ते वय मी धडधाकट ओलांडलं, म्हणून चारचौघांत जरा मिरवतही होतो. यंदा दिवाळीनंतर छातीत कळ आली आणि मिरवणं संपलं. हृदयाच्या एका नळीत स्प्रिंग बसवलीय. विडी त्याच दिवशी सोडली. तरी गेल्या आठवड्यात धाराशिवला रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी आणि आतली सूज दाखवणारा आकडा अजून चढाच आहे. डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या आहेत. म्हणाल्या, "धूर आत आला की रक्तातले राखणदार काठ्या घेऊन उठतात. तुमचे इतकी वर्षं जागे आहेत, की आता चोर नसला तरी घरच्याच भिंती बडवतायत. त्यांना निजायला वेळ लागेल. तोवर एकसुद्धा विडी नको, नाहीतर दुसरी नळीही जाईल." मी मान डोलावली. मग त्यांनी सहज विचारलं, "सवय लावली कुणी?"

"मित्रांनी," मी म्हणालो.

मित्र कुठले, आबा. साखर कारखान्यातला माझा पहिला हंगाम. उसानं भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक येतायत, धुळीनं डोळे चुरचुरतायत आणि मी सकाळपासून उभाच आहे. तिथं एक रीत होती, कुणी ठरवून न केलेली. विडी ओढणारा "आलो जरा" म्हणत शेडमागं जाऊन बसला, तर मुकादम काही बोलायचा नाही. बिनविडीचा बसला की तो कामचुकार. तुम्ही माझे सुजलेले पाय बघितलेत, हाताला धरून शेडमागं नेलंत आणि तुमच्या विडीवर माझी पेटवून दिलीत. "ओढ रं. न्हाय ओढलीस तर बसाया कोण देतंय तुला?" मला ठसका लागला. तुम्ही पाठ चोळत राहिलात. तेवढा वेळ मला टेकायला मिळालं.

बापानं लेकाच्या हातात विडी द्यावी, हे ऐकून आई किती दिवस तुमच्याशी धड बोलली नाही. "त्याचं पाय बघितलंस का तू?" एवढंच तुम्ही तिला म्हणायचात.

पुढं तुमच्या छातीत दुखलं, ते आपण पित्त धरून चाललो. सोडा घेतलात, आणि जरा बरं वाटंल म्हणून विडी पेटवून भिंतीला टेकलात. ती पुरी ओढून झाली नाही.

परवा रिपोर्ट बघून तुमची सून चिडली. "मामांनीच घात केला तुमचा," म्हणाली. खोटं कसं म्हणू? पण मला राग येत नाही. त्या दिवशी तुमच्याजवळ मला द्यायला थोडा विसावा होता, आणि तो दुसऱ्या कुठल्या वाटेनं देता येत नव्हता. हे डॉक्टरीणबाईंना कसं सांगायचं? त्यांनी तुम्हाला नावं ठेवली असती, आणि ते मला सोसलं नसतं.

हा कागद घरात ठेवायची सोय नाही, तुमची सून वाचेल. फाडणारच आहे, म्हणून सांगतो. काल बांधावर बसून एक ओढली. तलफ नव्हती, आबा. तुमची लई आठवण आली होती.