कशावर वाढला : खडक

३ जून
१. सकाळी दहाला पोहोचले.
२. संशोधन संस्थेच्या आवारातच खोली मिळाली. टेबल खिडकीला लागून.
३. ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या सरांनी दिलेला सूक्ष्मदर्शक कॉलेजातल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे.
४. काम: गुहेतल्या झऱ्यात सापडलेल्या नळीकृमीची चित्रं काढणं, वर्गीकरण पक्कं करणं.
५. मी खूश आहे. लिहून ठेवते, कारण कुणी विचारलं तर कबूल करणार नाही.

५ जून
प्राणी देखणा आहे. स्वतःभोवती चुन्याची नळी बांधतो, खडकाला चिकटतो आणि मरेपर्यंत आतच राहतो. डोक्यावर पिसांसारखा तुरा. त्यातलंच एक पीस जाड होऊन झाकण बनतं. धोका वाटला की तुरा आत, झाकण बंद. छातीची वलयं सात. डोळे नाहीत. याचे सगळे भाऊबंद समुद्रात. हा एकटाच गोड्या पाण्यात, तोही अंधारात. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो.

सर कमी बोलतात. बोललेच तर ओठ फारसे हलत नाहीत.

९ जून
नळीकृमीच्या अळ्या ब्रशने टिपून काचेवर ठेवल्या. ब्रशचं टोक दर वेळी ओठांत ओलं करून बारीक करायचं, ही माझी जुनी सवय. सर पाहत होते. मग नोंदवहीत काहीतरी लिहिलं.

१२ जून
बुटकी, म्हणजे माझी धाकटी बहीण, दोन दिवस राहून आज गेली. तुरा पाहून म्हणाली, ताई, याला कंगवा दे, नाहीतर बिचाऱ्याचं लग्न जमायचं नाही. मग म्हणाली, तूही याच जातीची, कुणी जवळ आलं की झाकण बंद. सरांनी स्वतःहून तिच्या हातात ब्रश दिला. टोक ओठांत कसं धरायचं ते मी शिकवलं. पठ्ठीने चाळीस अळ्या टिपल्या.

१८ जून
खालच्या दातांमागे खरखर. जीभ सारखी तिथेच जाते. आरसा आणि टॉर्च घेऊन पाहिलं. पांढरी, वाकडी, पोकळ रेघ. दोन मिलिमीटर. दातांच्या डॉक्टरांनी कीटण म्हणून खरवडून काढली.

२० जून
पुन्हा आली. आता तीन. सर्वांत मोठी चार मिलिमीटर; खडकावर एवढं वाढायला चार वर्षं लागतात. जीभ लागली की टोकं मिटतात.

२३ जून
सरांना सांगितलं. त्यांनी दार लावलं, आणि प्रयत्नाने तोंड उघडलं. दात मोजता आले नाहीत. सगळं सलग पांढरं. त्यात बारीक झाकणं — एकेक करून उघडली.
ब्रशची तीच सवय त्यांनाही होती, म्हणाले. उपाय विचारला. नकारार्थी मान हलवली.

२४ जून
नमुन्यांची नोंदवही काढली. रकाना: कशावर वाढला.
एक ते पाच — खडक.
सहा — दात, स्वतःचे.
सात — दात, नवी चित्रकार.
आठ — दात, पाहुणी, वय एकोणीस.
आठची तारीख बारा जून. सरांचंच अक्षर.
त्यांना माहीत होतं. ब्रश देताना —

२६ जून
वरचे दात खालच्यांना चिकटतात. चमचा आत जात नाही. मोजणं सोडलं.

२७ जून
तिला पाठवायचा मजकूर. आधी इथे लिहिते.

बुटके, टॉर्च लावून आरशात खालच्या दातांमागे बघ. पांढरी रेघ असेल तर खरवडू नकोस, जास्त येतात. नसेल तरी कळव. रविवार, तीस तारखेपर्यंत मला उत्तर हवं. लिहूनच कळव, फोन नको. मला आता तोंड उघडता येत नाही.