तोयोनोच्या मनगटावरची खूण

सॅक्रामेंटो, ऑक्टोबर १९१५

तीर्थरूप आईस शिगेझोचा नमस्कार. माझी तब्येत चांगली आहे. तुझे गुडघे आता कसे आहेत?

आपली तोयोनो नवऱ्याचं घर सोडून गेली होती. हे तुला गावात दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. आता ती नवऱ्याच्या शेतावर परत आली आहे, काळजी करू नकोस.

इथल्या आपल्या जपानी वर्तमानपत्राच्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवतो, हे तुला ठाऊक आहेच. पळालेल्या बायकांच्या जाहिराती आमच्याकडे दर आठवड्याला येतात. त्या दिवशी आपले जावई तोयोनोचा फोटो घेऊन आले. संपादक हसून म्हणाले, "फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात हो. अंगावर काही खूण?"

जावयांना सांगता येईना. तीन वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

मग मीच म्हणालो, "डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे." लहानपणी तुझ्या चुलीपाशी भाजली होती, तोच. घराण्याची अब्रू जाईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. जाहिरातही मीच जुळवली.

पाचव्या दिवशी शेजारच्या गावातल्या खाणावळीत ती वाढत असताना कुणीतरी तो डाग ओळखला. नवऱ्याने तिला केसांना धरून घरी नेलं.

रविवारी मी भेटायला गेलो. तिचा एक डोळा उघडत नव्हता. ती हळूच म्हणाली, "दादा, जाहिरात वाचली मी. डाग त्यांना माहीत नव्हता."

जावई समोरच जेवत होते. तिने मलाही भात वाढला आणि मी जेवलो.

तिला पत्र पाठव. मला नाही पाठवलंस तरी चालेल.

तुझा
शिगेझो